नळ चालू, नाना जेलमध्ये

भिकननाना बाविस्करांचा अपमान जळगावला झाला, आणि तोही भरिताच्या पंगतीत. अपमान कुठेही झाला तरी वाईटच, पण तोंडात घास असताना झाला की माणसाला लगेच उत्तर देता येत नाही, आणि भरीत जावयाच्या घरचं असलं की घास गिळल्यावरही देता येत नाही. नानांनी घास गिळला, वर तांब्याभर पाणी प्यायले आणि धुळ्याला परत येईपर्यंत बसमध्ये एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या बायकोला, प्रमिलाबाईंना, वाटलं, मिरची लागली.

झालं होतं असं. जावई योगेंद्र जळगावच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत साहेब आहे. परदेशी जाणाऱ्या केळीचा घड कुठल्या शेतातला, कुठल्या शीतगृहात ठेवला, कुठल्या गाडीत चढला, याची नोंद त्याची कंपनी एका नव्या ब्लॉकचेनवर ठेवणार होती. ब्लॉकचेन म्हणजे एकच वही शेकडो लोकांच्या घरी एकाच वेळी लिहिली जाते, म्हणजे कुणा एकाला खाडाखोड करायची सोय उरत नाही. ज्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर ही वही असते तो नोड. खरं नेटवर्क आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, सुरू होणार होतं. त्याआधी तीस दिवस टेस्ट नेटवर्क चालणार होतं आणि त्यात कुणालाही घरबसल्या आपला नोड लावता येणार होता.

"कुणालाही?" नानांनी विचारलं.

"कुणालाही. म्हणजे तुम्हाला नाही, नाना," योगेंद्र हसून म्हणाला. "तुम्हाला ते झेपायचं नाही. आणि टेस्ट म्हणजे तरी काय हो, भातुकली. खोटी नाणी, खोटे व्यवहार, शेवटी सगळं पुसून टाकायचं. रिकामटेकड्यांची कामं ती."

आता झेपायचं नाही हे नानांनी सोडून दिलं असतं. साठी उलटलेल्या माणसाला हे दिवसातून चार वेळा ऐकावं लागतं, कधी जिना चढताना, कधी जिलबी खाताना. पण 'टेस्ट म्हणजे भातुकली' हे वाक्य योगेंद्रने नको त्या माणसाला ऐकवलं होतं. नानांनी वरणगावच्या आयुध निर्माणीत चौतीस वर्षं चाचणी विभागात काढली होती. तयार झालेल्या मालातली ठरावीक काडतुसं काढायची, उडवून बघायची आणि रजिस्टरात लिहायचं, एवढंच त्यांचं काम. त्यात त्यांचा डावा कान अर्धा गेला, म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवून बोलतात आणि अख्ख्या कॉलनीला त्यांच्या घरचं सगळं माहीत असतं. निरोप समारंभात बाकीच्यांना 'राष्ट्रसेवा' म्हणून शाली मिळाल्या. नानांच्या वेळी साहेब म्हणाले, "बाविस्करांनी आयुष्यभर फटाके उडवले." सगळे हसले. शाल नानांनाही मिळाली, पण ती त्यांनी एकदाही अंगावर घेतली नाही.

"आखाजीला दिपमालाला घेऊन या," निघताना नाना जावयाला म्हणाले. "तोवर माझा नोड चाललेला असेल." हे वाक्य त्यांनी चपला घालता घालता, तोंड भिंतीकडे करून म्हटलं, त्यामुळे त्याला हवा तेवढा दरारा आला नाही.

लेकीचा, दिपमालाचा, कॉलेजातला कॉम्प्युटर माळ्यावर होता. तो खाली आला, त्याला नवी डिस्क बसली, आणि धुळ्याच्या देवपुरातल्या श्रमसाफल्य कॉलनीत बातमी पसरली की नानांनी काहीतरी काढलं आहे. पहिले आले ते शेजारचे पुखराज शेठ. शेठ चहाचे ठोक व्यापारी, तीन पिढ्या धुळ्यात, आणि माणूस सोन्यासारखा. फक्त एखादी गोष्ट समजली नाही तर त्यांना जेवण जात नाही.

"नाना, ह्यात सुटतं किती?"

"काही नाही."

"म्हणजे सुरुवातीला नाही. मग?"

"मग पण नाही. टेस्ट आहे, शेठ. नाणी खोटी असतात."

शेठनी कॉम्प्युटरच्या मागे वाकून बघितलं. मग जाताना खालच्या आवाजात म्हणाले, "सांगायचं नसेल तर नका सांगू. पण आपलं इतक्या वर्षांचं शेजार आहे." त्यानंतर रोज सकाळी दूध घेताना ते कुंपणापलीकडून नुसतं "मग?" एवढंच विचारत आणि नाना "काही नाही" एवढंच सांगत. शेठचं वजन उतरतंय असं त्यांच्या बायको सुगनबाई प्रमिलाबाईंना म्हणाल्या.

कॉलनीच्या चिटणीस सुलक्षणाताईंनी कॉम्प्युटरचं तोंड ईशान्येला करायला सांगितलं. कोपऱ्यावरच्या निवृत्त तहसीलदारांनी सांगितलं की आधी कुठल्या तरी कचेरीची ना-हरकत घ्या. कुठल्या कचेरीची ते त्यांनाही माहीत नव्हतं, पण ना-हरकत घेतलेली बरी. नानांनी दोन्ही सल्ले रजिस्टरात लिहून ठेवले. रजिस्टर त्यांनी पहिल्याच दिवशी घातलं होतं: तारीख, वेळ, खोलीचं तापमान, शेरा. रजिस्टराशिवाय चाचणी करणाऱ्या माणसाला नाना चाचणी करणारा मानत नाहीत.

खरी अडचण आली ती पोर्टची. नोडला बाहेरच्या नोडांशी बोलायला इंटरनेटचं एक दार उघडं लागतं, त्याला पोर्ट म्हणतात. नाना इंटरनेट कंपनीच्या कचेरीत गेले आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, "मला पोर्ट पाहिजे."

मुलीचा चेहरा पडला. "पोर्ट करायचंय, काका? का बरं?"

"गरज आहे."

"एकदा विचार केला असता..."

"विचार पूर्ण झालेला आहे," नाना करारीपणाने म्हणाले आणि तिने दिलेल्या अर्जावर सही करून आले. आपल्याकडे पोर्ट करणं म्हणजे कंपनी सोडून दुसरीकडे जाणं, हे त्यांच्या लक्षात आलं दुसऱ्या दिवशी, जेव्हा घरचं इंटरनेट बंद झालं आणि कंपनीचे फोन सुरू झाले. "सर, आमच्या सेवेत काय कमी पडलं?" पहिला फोन. "सर, तुम्ही आम्हाला सोडून का चाललात?" दुसरा, जास्त भावूक. नाना तळमळून सांगत होते की मी कुठेही चाललेलो नाही, माझं तुमच्यावर काहीही म्हणणं नाही, आणि हे सगळं स्पीकरवर असल्यामुळे कॉलनीत अर्धा दिवस भलतीच शंका पसरली होती. शेवटी पाच दिवसांनी ते नवे ग्राहक म्हणून परत आले. नव्या अर्जावर दोन चौकोन होते: घरगुती आणि व्यावसायिक. नानांनी दोन्हीच्या खाली पेनाने तिसरा चौकोन काढला, त्यापुढे 'चाचणी' लिहिलं आणि त्यात बरोबरची खूण केली. मुलीने तो अर्ज बघितला, नानांकडे बघितलं, आणि मुकाट्याने 'घरगुती' टाइप केलं. पोर्ट मात्र या वेळी उघडून मिळाला.

पाडव्याच्या दुपारी नोड सुरू झाला. एका बोटाने टाइप केलेल्या आज्ञा, त्यातल्या एकीत राहून गेलेली एक मोकळी जागा, ती शोधण्यात गेलेले दोन दिवस, हे सगळं मी सांगत बसत नाही. ज्याने भोगलं त्यालाच ते कळेल आणि बाकीच्यांना मोकळ्या जागेचं एवढं काय असं वाटेल. पडद्यावर नावं होती ती हनोई, लागोस, सांगली, आणि त्यांच्यात 'भिकन-देवपूर', हिरव्या अक्षरांत. नाना खुर्ची ओढून अर्धा तास नुसते बघत राहिले. नियम साधा होता. तीस दिवसांत नोड शंभरातले पंच्याण्णव तास चालू राहिला पाहिजे, तरच परीक्षकांच्या यादीत नाव. म्हणजे महिन्याच्या सातशेवीस तासांत फक्त छत्तीस तास बंद पडायची मुभा. नानांनी रजिस्टराच्या पहिल्या पानावर लाल शाईने ३६ लिहिलं. आखाजीला जावयासमोर ठेवायचं पान ते हेच.

एप्रिल लागला तसा लाल आकडा उतरू लागला. धुळ्याचं ऊन कॉम्प्युटर बनवणाऱ्याने पाहिलेलं नसावं. दुपारी दोन वाजता नोड तापायचा आणि आपल्या मनाने बंद व्हायचा. तीन दुपारींत सहा तास गेले, विजेच्या लपंडावात आणखी सहा. उरले चोवीस. चौथ्या दुपारी नानांनी हॉलमधला कूलर ओढत नेऊन कॉम्प्युटरसमोर लावला.

"तुमना डब्बाले कूलर," प्रमिलाबाई वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेत म्हणाल्या, "अनी माले पुठ्ठा?"

"बत्तीसच दिवस," नाना म्हणाले. आकडा चुकला होता, पण त्यांनी तो मागे घेतला नाही.

कूलरला दिवसाला तीन बादल्या पाणी लागतं, आणि कॉलनीत नळाला पाणी येतं सहाव्या दिवशी, कधी सातव्या. नानांच्या पाठीत चमक, म्हणून बादल्या प्रमिलाबाई भरायच्या. बोलायच्या भरपूर, पण भरायच्या. पाणी येणार कधी हे कळावं म्हणून कॉलनीचा व्हॉट्सअ‍ॅप गट होता, त्याचं नाव 'नळवाले'. नानांचा दुसरा गट होता पुणे, सांगली, इचलकरंजी अशा ठिकाणच्या सतरा मराठी नोडवाल्यांचा. त्याचं नाव 'नोडवाले'. फोनवर हे दोन गट एकाखाली एक दिसायचे. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की आधी का नाही सांगितलं.

पंचविसाव्या दिवशी सोनगीरला साडूंच्या, म्हणजे वना आबांच्या नातवाचं जावळ होतं. जाणं भागच होतं. नानांनी कूलर काठोकाठ भरवून घेतला, नोडकडे दोनदा वळून बघितलं आणि रिक्षात जाऊन बसले. प्रमिलाबाई मागून कुलूप लावून आल्या. रात्री आग्रहाने मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला घरी येऊन बघतात तो घर शांत. कूलर बंद, पंखा बंद, कॉम्प्युटरचा पडदा काळा.

"घर सोडताना मेन स्विच बंद करू नये का माणसाने?" प्रमिलाबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं करतेय. तुम्हीच शिकवलंत."

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे नानांना रागावता आलं नाही. त्यांनी स्विच लावला, नोड उठला, आणि पडद्यावर आलं की 'भिकन-देवपूर' जेलमध्ये आहे. जो नोड न सांगता फार वेळ गायब राहतो त्याला नेटवर्क जेलमध्ये टाकतं. सुटायचा अर्ज करता येतो, पण अर्जासोबत थोडी टेस्टची नाणी भरावी लागतात. नानांकडची नाणी संपली होती. नाणी फुकट मिळतात. ती जिथून मिळतात त्या जागेला जगभरात नळ म्हणतात, आणि तो नळ प्रत्येकाला चोवीस तासांत एकदा मिळतो. नानांनी नळ उघडून बघितला. कोरडा. 'नळ तात्पुरता बंद आहे, थोड्या वेळाने पाहा.' जगभरातल्या एवढ्या हुशार माणसांनी बनवलेला नळ, आणि तोही शेवटी आपल्या कॉलनीसारखाच निघाला.

नाना दर पाच मिनिटांनी नळ बघत बसले असताना सोनगीरहून प्रमिलाबाईंच्या थोरल्या बहिणीचा फोन आला, नीट पोचलात का म्हणून. प्रमिलाबाई वैतागलेल्या होत्या. "पोचनूत अक्का, पन काय सांगू, हाई आते जेलमा शेतस. नळ उना का मंग सुटतीन."

अक्कांनी पुढचं काही ऐकलं नाही. पाऊण तासात वना आबा मोटरसायकल फटफटवत दारात उभे राहिले. हातात कालच्या जेवणाचा डबा, आणि शर्टाच्या आत घडी घालून शेताचा सातबारा, जामिनासाठी. नाना पायरीवर बसून फोनकडे बघत होते. आबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"नाना, तुम्ही त घरमाच शेतस."

"मी नाही जेलमध्ये, आबा. माझा नोड आहे."

"सातबारा लई येल शे मी," आबा दुखावल्या आवाजात म्हणाले. त्यांना कुणाला तरी सोडवूनच परत जायचं होतं. नानांचे डोळे ओलावले. सख्ख्या जावयाने भातुकली म्हटलेल्या कामासाठी साडू शेत गहाण टाकायला आला होता, मग भले तो काय काम आहे हे न कळता का येईना.

अकरा वाजता नळ सुरू झाला. नानांनी नाणी घेतली, अर्ज भरला, आणि 'भिकन-देवपूर' सुटला. हिशेब केला: एकवीस तास गेले, आता फक्त तीन उरले. पण सुटला. सांगलीचा एक आणि इचलकरंजीचे दोघे असेच नळाची वाट बघत बसले होते, त्यांना कळवणं हे नानांना कर्तव्य वाटलं. आनंदात माणूस चष्मा शोधत बसत नाही. नानांनी लिहिलं: 'नळ सुरू झाला आहे. प्रत्येकाला एकदाच मिळेल. लगेच घ्या, केव्हाही बंद होईल.' आणि पाठवलं. नळवाल्यांना.

सहावा दिवस उलटून गेलेल्या कॉलनीला एवढं पुरे होतं. बत्तीस घरं, बत्तीस पाण्याच्या मोटारी, आणि एकाच मिनिटाला दाबलेली बत्तीस बटणं. नळाला थेंब नव्हता, मोटारी नुसत्या हवा ओढत होत्या, पण वीज त्या पुरेपूर ओढत होत्या. कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीतून आधी घरघर आली, मग एक आवाज. तो नानांना अर्ध्या कानानेही ओळखू आला, कारण असे आवाज ऐकण्यातच त्यांची नोकरी गेली होती. सगळी कॉलनी गप्प झाली. पंखे थांबले, कूलर थांबले, आणि आतल्या खोलीत पडदा पुन्हा काळा झाला.

दहा मिनिटांत फाटकाशी तीस-पस्तीस माणसं जमली, निम्म्यांच्या हातात बादल्या. वीज कंपनीच्या माणसाने फोनवर संध्याकाळ सांगितली होती. सुलक्षणाताईंनी चष्मा लावून नानांचा निरोप मोठ्याने वाचून दाखवला, शेवटी वेळेसकट: अकरा वाजून चार मिनिटं.

"नाना, हा कुठला नळ?"

"तो आपला नळ नाही," नाना म्हणाले. "तो... जगाचा नळ आहे."

याने परिस्थिती सुधारली नाही. एक जण म्हणाला मोटार जळाली, एक जण म्हणाला फ्रिजमधली कैरीची डाळ जाणार, तहसीलदार म्हणाले मी ना-हरकतीचं आधीच बोललो होतो. वना आबा मधे पडून सांगू लागले की नाना आत्ताच जेलमधून सुटले आहेत, जरा समजून घ्या. त्याने परिस्थिती आणखी बिघडली. आणि तेवढ्यात नानांचा फोन वाजला. नानांनी सवयीने तो उचलला आणि सवयीने स्पीकरवर टाकला.

"नाना, मी योगेंद्र. पडद्यावर तुमचा नोड परत लाल दिसतोय," फोन खणखणीत आवाजात बोलला. "आता सोडा ना हे. मी म्हणालो होतो. धुळ्याला ना धड वीज, ना धड पाणी, तिथे कुठे नोड चालायचा? पुढच्या वेळी जळगावला आणा, मी लावून देतो. आणि शेवटी टेस्टच आहे हो. खोटंच तर आहे सगळं."

फोन बंद झाला. 

"कोण होतं हे?" पुखराज शेठनी हळू विचारलं.

"जावई."

"जळगावचे?"

"हो."

"धुळ्यात काय नाही म्हणाले?"

आता इथे एक सांगितलं पाहिजे. धुळ्याचा माणूस धुळ्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत नावं ठेवेल, पाण्यावरून ठेवेल, रस्त्यावरून ठेवेल. पण जळगावच्या माणसाने त्यातलं अर्धं वाक्य जरी उच्चारलं, तर त्याला ते उभ्या जन्मात ऐकून घेववत नाही. बादल्या खाली ठेवल्याचे आवाज आले.

नाना पायरीवर उभे राहिले. माफी मागायला म्हणून ते उठले होते, पण तोंडातून निघालं वेगळंच. "माझी चूक झाली, ती मी मान्य करतो. डीपी माझ्यामुळे उडाली. पण खोटं आहे हे मी मान्य करत नाही. चौतीस वर्षं मी काडतुसं उडवली. मी उडवलेलं एकही काडतूस सीमेवर गेलं नाही. पण सीमेवर गेलेलं प्रत्येक काडतूस मी उडवलेल्याच्या भरवशावर गेलं. त्याला फटाके म्हणाले. आता ह्याला भातुकली म्हणतात. माझे तीन तास उरलेत, त्यातला पाव तास गेला. तुम्हाला शिव्या घालायच्या असतील तर संध्याकाळी घाला, मी इथेच आहे." एवढं बोलून ते परत पायरीवर बसले.

पुखराज शेठच्या चेहऱ्यावर मात्र महिन्यानंतर पहिल्यांदा तजेला आला. "नाना, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं? ही टेस्ट होय? अहो, मी रोज दुकानात बसून नवा चहा चाखतो आणि थुंकतो. दिवसाला वीस-वीस प्याल्या. चाखलेला चहा कोण विकत घेणार? सुटतं काहीच नाही. पण चाखल्याशिवाय मी एक पेटी पुढे पाठवत नाही." ते कॉलनीकडे वळले. "आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. वायर आणा कुणी."

वायर आली. ती कुंपणाला सहा हात कमी पडली. सुलक्षणाताईंनी आपला इस्त्रीचा एक्स्टेन्शन बोर्ड दिला, तहसीलदारांनी गणपतीच्या आराशीचा, तिसरा कुणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. इन्व्हर्टरवर भार पडू नये म्हणून सुगनबाईंनी त्रेचाळीस डिग्रीत आपला पंखा बंद केला आणि पुठ्ठा घेऊन प्रमिलाबाईंशेजारी येऊन बसल्या. कूलर तेवढ्यावर चालेना, म्हणून वना आबा सातबाऱ्याच्या कागदाने कॉम्प्युटरला वारा घालत बसले. एक वाजून दहा मिनिटांनी पडदा उजळला आणि 'भिकन-देवपूर' हिरवा झाला. नानांनी रजिस्टरात लाल शाईने १ लिहिला. हा आकडा त्यांनी दोनदा गिरवला.

संध्याकाळी डीपी दुरुस्त झाली, आणि साडेपाचला नळाला खरंच पाणी आलं. नळवाल्यांच्या गटावर कुणीतरी लिहिलंही, 'पाणी आलं.' पण निम्म्या कॉलनीने ते नानांचं पाणी समजून सोडून दिलं आणि पुढचे सहा दिवस शेजाऱ्यांकडून बादल्या मागितल्या. प्रमिलाबाई गट बघत नाहीत, पाइपाचा आवाज ऐकतात. त्यांचं सगळं भरून झालं होतं.

उरलेल्या चार दिवसांत नोड ही कॉलनीची गोष्ट झाली. मेन स्विचवर चिकटपट्टी लागली आणि वर तहसीलदारांच्या अक्षरात 'चाचणी चालू, हात लावू नये.' वायर तशीच राहिली, न जाणो. मोटारी घराघराने वेळ ठरवून लावल्या जाऊ लागल्या, जे गेल्या बारा वर्षांत कुठल्याही सभेत जमलं नव्हतं. सकाळी दूध घेताना शेठ विचारायचे, "मग?" आणि नाना सांगायचे, "हिरवा." आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी तीस दिवस भरले. पंच्याण्णव पूर्णांक एक.

आखाजीला दिपमाला आणि योगेंद्र आले. खापरावरची पुरणपोळी, रस, सांजोऱ्या. पुखराज शेठनाही बोलावलं होतं; ते रसाला आले होते आणि कंदमुळाचं काही नाही ना, एवढं विचारून बसले होते. नानांनी रजिस्टर पानाशेजारी आणून ठेवलं. योगेंद्रने ते चाळलं, आणि खरं सांगायचं तर तो थोडा थक्कही झाला. पण जावई हा शेवटी जावईच.

"छान केलंत, नाना. पण आज सकाळी बघितलंत का? टेस्ट नेटवर्क बंद केलं त्यांनी. सगळं पुसलं. यादीसुद्धा."

दिपमालाने नवऱ्याकडे बघितलं. नानांनी सकाळीच बघितलं होतं. पडद्यावर 'भिकन-देवपूर'च्या जागी काही नव्हतं, आणि ते त्यांना लागलं नव्हतं असं नाही. ते पोळी मोडत राहिले.

"उडालेलं काडतूस परत पेटीत जात नाही," ते म्हणाले. "तुमचं खरं कधी सुरू?"

"सोमवारी. पहिल्याच दिवशी आमची केळीची नोंद चढणार. दोन हजार शेतकरी आहेत." योगेंद्र खुलला. "साहेबांनी सगळं माझ्यावर सोपवलंय."

"चालेल ना पण बरोबर?" पुखराज शेठनी काळजीने विचारलं. "दोन हजार लोकांचा माल म्हणजे थट्टा नाही."

"का नाही चालणार, शेठ?" योगेंद्र वाटी पुढे करत म्हणाला. "तीस दिवस कडक टेस्ट झालीय त्याची. उन्हात, लाईट जाताना, लोकं जेलमध्ये जाताना. डोळे झाकून विश्वास ठेवा."

नानांनी रसाचं पातेलं उचललं आणि जावयाच्या वाटीवर धरलं. पण ओतलं नाही.

"कोणी केली?" त्यांनी विचारलं.

योगेंद्रची वाटी पुढेच राहिली. त्याने एकदा रजिस्टराकडे बघितलं, एकदा खिडकीतून दिसणाऱ्या, कुंपणावरून शेठच्या घरात गेलेल्या वायरीकडे. 

"आम्ही," स्वयंपाकघराच्या दारातून प्रमिलाबाई म्हणाल्या. खापरासमोर बसून त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि हातात तोच पुठ्ठा होता. "वाढा आता त्यांना, रस गरम होतोय."